देवाने विसोबांकडेच का पाठवलं?

(१९८४ च्या दहावीच्या वर्गाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'देवाला आवडणारा माणूस'. मी भजनी मंडळात पखवाज वाजवतो आणि दोनदा पायी वारी केली आहे, एवढ्या भांडवलावर. बाकी माझी चौतीस वर्षं टूलरूममध्ये ग्राइंडिंग मशीनवर गेली. प्रवचनाचा अधिकार माझा नाही. तरी मी हो म्हटलं, कारण मला तुमच्यासमोर एक गोष्ट सांगायची होती. ती शेवटी सांगतो. पीटीचे सर पुढेच बसले आहेत, त्यामुळे दहा मिनिटांच्या वर जाणार नाही.

नववीत बाईंनी आपल्याला गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली होती. फळ्यावर एक वाकडंतिकडं मडकं काढलं होतं आणि आपण सगळे हसलो होतो. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली. मुक्ताबाईंनी थापटणं बघून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग इथली मडकीही बघा, असं झालं आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं.

गोष्ट पुढे आयटीआयला गेल्यावर मला नव्याने कळली. नवीन ग्राइंडिंग व्हील मशीनवर चढवण्याआधी ते टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकतात. चाक चांगलं असेल तर खणखणीत वाजतं. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. वरून काही दिसत नाही. तडा गेलेलं चाक पूर्ण वेगात फुटलं तर तुकडे गोळीसारखे येतात, म्हणून आमचे फोरमन ठोकल्याशिवाय चाक चढवू देत नसत. फरक एवढाच, की तडा गेलेलं चाक भंगारात जातं आणि कच्चं मडकं भट्टीत घालतात. हा फरक लहान नाही.

आता बघा, कच्चं ठरलं कोण? नामदेव. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो, ते. देवाचा अगदी लाडका. ते रागावून तडक पंढरपूरला देवाकडे तक्रार घेऊन गेले. देवाने लाडक्याची बाजू घेतली नाही. तुला गुरू नाही, म्हणाला, आणि विसोबा खेचरांकडे पाठवलं.

पुढचं आपल्याला पाठ आहे. औंढा नागनाथाचं देऊळ, पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा, आणि पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथेही पिंड. बाईंनी ते छान रंगवलं होतं. पण मी त्याच्या आधीच्या भागाबद्दल बोलणार आहे, जो घाईत सांगितला जातो. हे विसोबा होते कोण?

आळंदीचे विसोबा चाटी. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही संन्याशाची पोरं म्हणून गावाने वाळीत टाकली होती आणि त्यांना छळण्यात हे विसोबा पुढे होते. मुक्ताबाई मांडे भाजायला खापर आणायला निघाली, तर यांनी कुंभारांना दम दिला, पोरीला भांडं द्यायचं नाही. आईबाप नसलेल्या लहान मुलीला मातीचं खापर मिळू द्यायचं नाही, इतका हा माणूस हलका होता. ती रडत घरी आली, ज्ञानदेवांनी योगाने पाठ तापवली आणि तिने पाठीवर मांडे भाजले. विसोबा हे चोरून बघत होते. ते पाहून त्यांचं पाणी झालं, आत शिरले आणि त्या मुलांचं उष्टं खायला लागले. तेव्हा ज्ञानदेवांनी त्यांना खेचरा, दूर हो, असं झिडकारलं. खेचर म्हणजे घोडा-गाढवाच्या संकरातलं जनावर. विद्वान मंडळी 'ख' म्हणजे आकाश, त्यात संचार करणारा योगी, असा अर्थ लावतात. तोही बरोबर असेल. पण ऐकलेल्या कथेतला अर्थ मला जास्त पटतो, कारण त्यात माणूस दिसतो. ज्या शब्दाने हाकललं, तेच त्यांनी नाव म्हणून घेतलं.

महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' लिहिला, तेव्हा त्या छळाला साडेचारशे वर्षं होऊन गेली होती. तरी विसोबांचं नाव खेचरच राहिलं आणि आज आपणही तेच म्हणतो. विसोबांना दुसऱ्या गावी जाऊन दुसऱ्या नावाने साधू होता आलं असतं. आजही लोक तसंच करतात, आमच्या ओळखीत दोघे आहेत. पण यांनी 'मी तो, ज्याने मुक्तेला खापर मिळू दिलं नाही' हे कपाळावर लिहिल्यासारखं वागवलं. माझ्या समजुतीप्रमाणे देवाला यांच्यात आवडलं ते हे. त्या काळात निष्कलंक माणसांना तोटा नव्हता. तरी देवाने आपल्या लाडक्याला त्यांच्याकडे न पाठवता याच्याकडे पाठवलं. आणि त्या शिष्याने पुढे पंजाबपर्यंत नाम नेलं, त्याची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

वाल्या कोळी घ्या, आईबापांना छळणारा पुंडलिक घ्या, आपल्याकडे अशा कथा पुष्कळ. पण त्यात चूक मागे पडते आणि माणूस नवा होतो. विसोबांची चूक नावात राहिली, म्हणून ते मला जवळचे वाटतात.

आता माझी गोष्ट. बाई, ही तुम्हालाही माहीत नाही.

१९८२ साल आठवा. जानेवारीच्या १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. आपल्या भागात बहुतेकांचे वडील इस्टेटीतल्या कंपन्यांत, रोड नंबर सोळा नाहीतर बावीस. भोंग्यावर आपलं घड्याळ चालायचं. पण काहींचे वडील लोकलने लालबाग-परळला गिरणीत जायचे. त्यांच्या घरी त्या डिसेंबरात पगार बंद होऊन अकरा महिने झाले होते. आपल्याला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळत नव्हता. मधल्या सुट्टीत काही मुलं डबा न आणता वर्गातच बसून राहायची, एवढंच दिसायचं.

त्या डिसेंबरात नववीची सहल वज्रेश्वरी-गणेशपुरीला जायची होती. माणशी बारा रुपये. मी मॉनिटर, पैसे माझ्या कंपासपेटीत. त्यातल्या छत्तीस रुपयांची मी दोन आठवड्यांत लॉटरीची तिकिटं काढली, चेक नाक्याच्या स्टॉलवर. लागली की भरून टाकू, असा हिशोब होता. का काढली, ते सांगत बसत नाही. कारण सांगायला लागलो की ते सबब होतं.

पैसे मोजले तेव्हा कमी भरले. सरांनी मला विचारलं. मी म्हणालो, कंपासपेटी मधल्या सुट्टीत बाकावर राहिली होती. हे खरं होतं. सरांनी विचारलं, तेव्हा वर्गात कोण होतं? मी नाव सांगितलं. तेही खरं होतं. मी एकही शब्द खोटा बोललो नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

पुढचं तुम्ही पाहिलंत. घरात पगार नाही, म्हणजे यानेच घेतले. वर्गासमोर त्याला छड्या बसल्या. ते सर आता हयात नाहीत आणि दोष त्यांच्यावर टाकायचा नाही, त्यांना मीच तिथे नेलं होतं. तो सहलीला आला नाही. मी गेलो, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो. फोटोत आहे मी.

नववीनंतर त्याने शाळा सोडली. मी त्याला गेल्या महिन्यात शोधून काढलं. किसन नगरला त्याची पिठाची गिरणी आहे. मला ओळखलं आणि म्हणाला, "बापाची गिरणी बंद पडली, माझी चालू आहे, बस." मी सगळं सांगितलं. माझ्यामुळे तुझी शाळा सुटली, असंही म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "शाळा संपामुळे सुटली. तू स्वतःला एवढा मोठा समजू नकोस."

मग मी माफी मागितली. त्याने डब्यातलं पीठ हाताने सारखं केलं, एका बाईचे पैसे घेतले, सुटे दिले. मग म्हणाला, "अरे, मला कशाला सांगतोस? मी चोर नव्हतो हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग ना."

मी घरी चालत आलो. गिरणीपासून घर वीस मिनिटांचं, मी रायलादेवी तलावावरून लांबून गेलो. मला वाटलं होतं की एकांतात माफी मागितली की काम झालं. भजनात मी कितीदा तरी मनातल्या मनात मागितली होती. देवाला सांगणं सोपं आहे हो, तो वर्गात सांगत नाही. विसोबांनी नाव का बदललं नाही, ते मला त्या रस्त्यावर कळलं.

म्हणून आज सांगतो. ते पैसे मी घेतले होते. ज्याला आपण सगळे दहावीपर्यंत, आणि काही जण त्यानंतरही, चोर म्हणत होतो, तो (इथे वक्त्यांनी वर्गमित्राचे नाव घेतले, त्यांच्याच इच्छेवरून ते छापलेले नाही) चोर नव्हता. नाव वर्गासमोर घे, पुस्तकात नको, गिऱ्हाइकं वाचतात, असं त्याने बजावलं आहे. दहावीच्या यादीत नसल्यामुळे त्याला आजचं आमंत्रण नव्हतं. मी दिलं. रविवारी दुपारी दळणाला गर्दी असते, जमलं तर बघू, म्हणाला.

छत्तीस रुपये त्याने घेतले नाहीत. "माझे नव्हतेच, शाळेचे होते," म्हणाला. तेव्हा कमी पडलेले पैसे शाळेने आपल्या फंडातून घातले होते. म्हणून शुक्रवारी मी शाळेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या मुलीने पावतीपुस्तक काढलं आणि विचारलं, काका, कशाबद्दल लिहू? मी म्हटलं, लिही, वज्रेश्वरी सहल, डिसेंबर १९८२.