पशुविज्ञानाच्या दोन वाटा

गोठ्यातील गाय आजारी पडली की घरचा सारा ताळेबंद कोलमडतो. अशा वेळी दारी येणारा माणूस जाणता असावा लागतो. त्यासाठी शिक्षणाच्या दोन वाटा आहेत.

पहिली पदवीची. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये स्थापन झाले. २००० साली नागपूर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आकारास आले. बारावीनंतर साडेपाच वर्षांच्या या शिक्षणातून नोंदणीकृत पशुवैद्यक घडतो.

दुसरी वाट पदविकेची. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार, शासनाने परवानगी दिल्यास पदविकाधारकास लसीकरण, खच्चीकरण, मलमपट्टी यांसारख्या प्राथमिक सेवा देता येतात. मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच. दूधसंघ, कुक्कुटपालन, पशुखाद्य या क्षेत्रांतही त्यास काम मिळू शकते.

ही मर्यादा कमीपणाची नव्हे. निदान चुकले तर जनावर दगावते. प्रतिजैविक दिलेल्या गायीचे दूध मुदतीपूर्वी विकले, तर औषधाचा अंश ग्राहकाच्या पेल्यात उतरतो.

म्हणून शिक्षकांनी दोन्ही वाटांतील फरक विद्यार्थ्यांस प्रवेशापूर्वीच समजावून द्यावा. पंचायत सदस्यांनीही गावात उपचारास येणाऱ्याची पात्रता अवश्य विचारावी. त्यातच पशुधनाचे आणि तरुणांचे हित आहे.