नागरिकत्वाची परीक्षा



आजच्या विषयाला आरंभ करण्यापूर्वी मी आपल्याला एका माणसाची हकीकत सांगणार आहे. त्याचे नाव शेख दीन महंमद. हा १७५९ साली पाटण्यास जन्मला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत वाढला. पुढे तो आयर्लंडात गेला, तेथल्या जेन डॅली नावाच्या मुलीला घेऊन पळाला आणि तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. १७९४ साली त्याने आपला प्रवासवृत्तांत इंग्रजीत छापला. १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी पदार्थांचे उपाहारगृह उघडले. त्यात त्याचे दिवाळे निघाले. तरी गडी डगमगला नाही. ब्रायटनला समुद्रकाठी जाऊन त्याने चंपीमालिशीचे स्नानगृह थाटले आणि दोन राजांची अंगे रगडण्याचा मान मिळवला. १८५१ साली तो ब्रायटनलाच वारला.

ही हकीकत मी कोठल्या जुन्या दप्तरातून काढलेली नाही. तिचा बराचसा भाग ब्रिटिश नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी जे सरकारी पुस्तक नेमलेले आहे, त्यात छापलेला आहे. म्हणजे आज ज्याला इंग्लंडात कायमचे राहायचे आहे, त्याने दीन महंमदाचे खानावळीचे साल आणि बायकोचे नाव पाठ करून ठेवलेले बरे! गंमत अशी की, स्वतः दीन महंमदाला अशी परीक्षा कोणी घातली नव्हती. तो आला, राबला, बुडाला, पुन्हा उभा राहिला आणि त्या लोकांत मिसळून गेला. आता त्याच्याविषयीचा प्रश्न सुटला म्हणजे उमेदवार त्या देशाचा झाला, असे समजावे काय? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न हाच आहे.

प्रथम या परीक्षेचे स्वरूप पाहू. इंग्लंडात ती २००५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. प्रश्न २४, वेळ ४५ मिनिटे. १८ उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण. फी ५० पौंड. नापास झाल्यास पुन्हा बसता येते, पण दर खेपेस पुन्हा ५० पौंड. आरंभी ती नागरिकत्व मागणाऱ्यांपुरती होती. २००७ पासून ज्याला तेथे नुसते कायमचे राहण्याचा परवाना हवा, त्यालाही ती द्यावी लागते. नागरिकत्वाच्या अर्जाची फी निराळी आणि ती आज दीड हजार पौंडांच्या वर आहे. तेव्हा हा पोरखेळ नव्हे. एखाद्या बाईचा नवरा तेथे, मुले तेथे, नोकरी तेथे. आणि तिचे तेथे राहणे या २४ प्रश्नांवर टांगलेले.

आता न्यायाला धरून आधी पूर्वपक्ष मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही. परीक्षेचे कैवारी म्हणतात की, नागरिक होणे म्हणजे राज्यकारभारात भागीदार होणे. भागीदाराला दुकानाचे नियम ठाऊक नकोत काय? मतदान कसे होते, कायदा कोण करतो, आपले हक्क कोणते, हे ज्याला कळत नाही, त्याला कोणीही फसवील. शिवाय ते असेही विचारतात की, परीक्षा नको तर मग काय हवे? अधिकाऱ्याची मर्जी? छापील परीक्षा निदान सर्वांना सारखी असते. पुस्तक खुले असते. उमेदवाराचा रंग, आडनाव किंवा उच्चार पाहून गुण देता येत नाहीत. हा मुद्दा मला मान्य आहे. मर्जीपेक्षा नियम केव्हाही बरा.

परंतु परीक्षा आहे एवढ्यानेच न्याय झाला असे मानू नये. ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. तेथे १९०१ साली एक कायदा झाला. ती नागरिकत्वाची नव्हे, देशात पाऊल ठेवण्याची परीक्षा होती. बंदरावरचा अधिकारी आगंतुकाला ५० शब्दांचा उतारा सांगे, तो त्याने उतरून घ्यायचा. वरवर पाहता केवढी निःपक्षपाती गोष्ट! कायद्यात काळ्या-गोऱ्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मेख एवढीच होती की, उतारा कोणत्या युरोपीय भाषेत सांगायचा हे अधिकारी ठरवी. ज्याला इंग्रजी येते त्याला दुसरी एखादी भाषा घालावी, म्हणजे तो पडलाच. १९०९ नंतर या परीक्षेत एकही मनुष्य उत्तीर्ण झाला नाही.

१९३४ साली एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार हिटलरशाहीविरुद्ध भाषणे द्यायला तेथे गेला. सरकारला तो नको होता. पण त्याला युरोपातल्या अनेक भाषा अवगत. आता नापास कसे करावे? तेव्हा त्याला स्कॉटलंडची गेलिक भाषा घातली! प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले आणि या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषा धरता येत नाही, असा निकाल मिळाला. ही श्रुतलेखनाची परीक्षा रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. यावरून एवढा बोध घ्यावा की, परीक्षेकडे पाहताना तिच्यातल्या प्रश्नांबरोबर परीक्षकाचा हेतूही पाहिला पाहिजे.

आजची इंग्लंडची परीक्षा इतकी दुष्ट नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. तिचा आरंभ तर चांगल्या हेतूनेच झाला. बर्नार्ड क्रिक या राज्यशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली जे मंडळ नेमले होते, त्याने नवख्या माणसाला हात धरून आत घ्यावे, अशी दृष्टी ठेवली होती. म्हणून त्या योजनेला दोन दारे होती. ज्याला इंग्रजी बरे येते त्याने परीक्षा द्यावी. ज्याला येत नाही त्याने वर्गाला जावे, तेथे भाषा आणि नागरिकशास्त्र एकत्र शिकावे, आणि आपण एक पायरी वर चढलो एवढे दाखवावे. हे दुसरे दार मला फार महत्त्वाचे वाटते. त्यात माणूस कोठपर्यंत पोचला यापेक्षा तो किती चालून आला, याला किंमत होती. २०१३ साली ते दार बंद करण्यात आले.

त्याच वर्षी पुस्तकही बदलले. त्यात राजे, लढाया, कवी आणि खेळाडू यांची दाटी झाली. टॉम ब्रुक्स नावाचे एक कायद्याचे अध्यापक आहेत. जन्माने अमेरिकन; ही परीक्षा देऊनच ते ब्रिटिश नागरिक झाले. त्यांनी २०१३ साली या पुस्तकाची कसून तपासणी केली आणि गुत्त्यावर करमणुकीसाठी कोडी घालतात त्या थराला ही परीक्षा गेली आहे, असा अभिप्राय दिला. लंडनमधला मोठा पाळणा किती उंच आहे हे पुस्तकात होते. पण रुग्णवाहिका बोलवायची तर कोठे दूरध्वनी करावा, हे शिकण्याची गरज उरली नव्हती.

मग अशा परीक्षेत वर येते ते काय? पहिल्या काही वर्षांचे जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथून आलेल्यांपैकी शंभरात पंच्याण्णवांहून अधिक लोक उत्तीर्ण झालेले दिसतात. बांगलादेश, तुर्कस्तान, अफगाणिस्तान येथून आलेल्यांपैकी निम्मेसुद्धा नाहीत. आता अमेरिकन माणसाचे इंग्लंडवर प्रेम अधिक आणि सिल्हेटच्या माणसाचे कमी, असे कोणी म्हणेल काय? यात उतरले ते शाळेत घालवलेल्या वर्षांचे आणि इंग्रजीच्या सवयीचे माप.

उलट बाजूने पाहा. अमेरिकेतही अशी परीक्षा आहे; ती तोंडी असते. बाहेरून आलेले दहांतले नऊ लोक अभ्यास करून तीत उत्तीर्ण होतात. २०१८ साली वूड्रो विल्सन यांच्या नावाच्या एका प्रतिष्ठानने त्याच धर्तीचे प्रश्न खुद्द अमेरिकन नागरिकांना घालून पाहिले. तिघांत एकच जण पास होण्याइतका निघाला. म्हणजे परीक्षा जर आपलेपणा मोजत असेल, तर बाकीचे दोघे अमेरिकेचे नव्हेत असे म्हणावे लागेल! तसे कोणी म्हणत नाही. मग नवख्याच्या बाबतीत तरी ते का म्हणावे?

याहून एक खोल अडचण आहे. परीक्षेला जसे प्रश्न असतात तशी ठरीव उत्तरेही असतात, आणि ती उत्तरे यजमानाच्या सोयीची असण्याचा संभव असतो. या ब्रिटिश पुस्तकात साम्राज्याच्या अस्ताची कथा अशी सांगितली होती की, एकंदरीत सारे शिस्तीने पार पडले आणि वसाहतींना स्वातंत्र्य देण्यात आले. देण्यात आले! ज्याचे आजोबा १९४२ साली येरवड्याच्या तुरुंगात होते, ज्याची आजी १९४७ साली लाहोरहून नेसत्या वस्त्रानिशी निघाली, त्या उमेदवाराने हे वाचून काय करावे? त्याने घरी ऐकलेले गिळावे आणि पुस्तकातले पाठ करावे. २०२० च्या जुलैत पावणेदोनशेवर इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहून गुलामगिरी आणि साम्राज्य यांविषयीच्या या मांडणीला हरकत घेतली. मी म्हणतो, नव्या नागरिकाला देशाचा इतिहास अवश्य शिकवा. परंतु ज्याच्या घरात त्याच इतिहासाची दुसरी बाजू घडली आहे, त्याला ती बाजू उंबऱ्याबाहेर ठेवून ये म्हणणे, हा आपलेपणाचा रस्ता नव्हे.

माझी एक भाची इंग्लंडात परिचारिका आहे. परीक्षा झाल्यावर ती मला म्हणाली, “मामा, तुम्ही लहानपणी आमच्याकडून सनावळी घोकून घेत होतात ना, तेवढी कामाला आली. आठव्या हेन्रीच्या सहाही बायका बिनचूक लिहिल्या असत्या. दहा मिनिटांत बाहेर पडले.” महिन्याभराने विचारले तर तीन बायका आठवत होत्या. पण तिच्या दुसऱ्या आठवणी पक्क्या आहेत. २०२० सालच्या साथीत म्हाताऱ्या रुग्णांना भेटायला घरच्यांना मज्जाव होता. अशा एका म्हाताऱ्यापाशी ती रात्रभर दूरध्वनी धरून बसली, कारण पलीकडून त्याची मुलगी बोलत होती आणि त्याच्या हातात तो धरण्याचे बळ नव्हते. त्या देशाशी तिचे नाते त्या रात्री जडले, असे ती म्हणते. त्या रात्रीला २४ गुणांपैकी एकही गुण नाही. आणि तो असावा असे मी म्हणत नाही! त्याला गुण देता येत नाहीत, एवढेच माझे सांगणे आहे.

हे सारे परदेशाचे झाले. आपल्याकडे काय आहे? आपल्या १९५५ च्या कायद्यात अशी लेखी परीक्षा नाही. ठरलेल्या मुदतीपर्यंत येथे राहिलेला, चांगल्या चालीचा परदेशी मनुष्य अर्ज करू शकतो; आणि त्याला घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा पुरेशी यावी लागते. कोणतीही एक! पूर्वी त्या १४ होत्या, आज २२ आहेत. दिल्लीच्या सरकारपुढे भारतीय होण्यासाठी मराठी पुरते. या देशात शिरायला अनेक दारे आहेत, हे त्या कायद्याने मान्य केले. अमेरिकेतून भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आलेल्या मॅक्सीन बर्नसन तेथल्याच झाल्या, त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि गावातल्या मुलांना वाचते-लिहिते करण्यासाठी शाळा काढली. त्यांचा आपलेपणा फलटणला विचारावा. त्यासाठी प्रश्नपत्रिकेची गरज नाही.

पण म्हणून आपण आपली पाठ थोपटून घ्यावी असेही नाही. परीक्षा ज्ञानाची असते तशी कागदाचीही असते. आसामात नागरिकांची जी नोंदवही झाली, तिची अखेरची यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी लागली, आणि सुमारे तीन कोटी तीस लाख अर्जदारांपैकी १९ लाखांवर माणसे तिच्याबाहेर राहिली. परकीय कोण हे ठरवण्याचा अधिकार राज्याला आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पुरात ज्याचे घर वाहून जाते, त्याने बापाचा जुना दाखला कोठून आणावा? तेथे पाठांतराला जे बळ, ते येथे पेटीत जपलेल्या कागदाला. दोन्हीकडे पडतो तो बहुधा गरीबच.

तर मग माझा निष्कर्ष काय? परीक्षा मोडून टाका, असे मी म्हणत नाही. ती घ्या; पण राहायला, वागायला आणि हक्क मागायला जे लागते, तेवढेच विचारा. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी वर्गाचे दुसरे दार उघडे ठेवा. फी अशी ठेवा की स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईलाही ती देता येईल. आणि उत्तीर्ण झालेल्याला एवढेच म्हणा की, तुला येथले नियम कळले, आत ये. तो आपला झाला की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. ते पुढे ठरते आणि त्यात आपलीही परीक्षा असते. शेजाऱ्याने त्याला दार उघडले काय, मालकाने रास्त मजुरी दिली काय, त्याच्या मुलाला शाळेत नावाने हाक मारली काय? या प्रश्नांची उत्तरे नवख्याने द्यायची नसतात, आपण द्यायची असतात.

दीन महंमदाला ब्रायटनने आपला म्हटले, तेव्हा त्याच्याजवळ कोणताही दाखला नव्हता. चंपी मात्र तो उत्तम करीत असे.