काट्यापासून खात्यापर्यंत
(श्रीपूर येथील बैठकीतील भाषण)



श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. इथे कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या माणसांनी जमून काँप्युटरवर बोलायचे म्हणजे जरा गंमतच. पण तुमच्यापैकीच काहींचे म्हणणे आहे, गटाने एकत्र ज्वारी विकायची तर आपले सॉफ्टवेअर बनवून घ्यावे. काटा, पावती आणि बँक एकमेकांना जोडून टाकावेत. जोडू की! पण आधी काय ठरवायचे?

वारणानगरला 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प निघाला, कोल्हापूर-सांगलीकडच्या सुमारे 70 गावांसाठी. बाजारभाव, पिकाचा सल्ला, सगळे गावातल्या काँप्युटरवर मिळणार होते. पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तर तो चालत होता मुख्यतः उसाच्या कामाला. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, खत, बिल. कारण ही कामे कारखान्यात आधीच ठरलेली होती. कोणी काय लिहायचे हे चिटबॉयलाही माहीत होते. 2007 च्या सुमारास सात गावांत काँप्युटरऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तीच कामे करून पाहिली. झाली.

आता आपली ज्वारी घ्या. दहा पोती आली, दोन ओली निघाली. ओली कोणी म्हणायची? तपासणी आधी की वजन आधी? कट्टी किती, आणि ती शेतकऱ्यासमोर की माघारी? सातबारा बापाचा, पोती आणली लेकाने, पैसे मागितले सुनेच्या खात्यावर. पावती कोणाच्या नावाने फाडायची? आज याचे भांडण काट्यावर होते आणि तिथेच मिटते. काटा थेट खात्याला जोडला की चुकीचा आकडा चहा उकळायच्या आत बँकेत पोचेल. मग काटेवाला म्हणेल मशीनने लिहिले, मशीनवाला म्हणेल काट्याने सांगितले, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये उभे!

म्हणून एक हंगाम सारे वहीवर चालवा. आकडा दुरुस्त करायचा हक्क एकालाच द्या, पण त्याने जुना आकडा खोडायचा नाही. शेजारी नवा लिहून सही करायची. सॉफ्टवेअरमध्येही हेच मागा. पुढल्या वर्षी फक्त काटा आणि पावती जोडा. बँकेचे त्यानंतर बघू.

पुढच्या बैठकीला मागच्या दोन वर्षांच्या पट्ट्या घेऊन या. हमाली, तोलाई, कट्टी असे रकाने फळ्यावर मांडू. सॉफ्टवेअर करणाऱ्या पोरालाही बोलावले आहे. त्या दिवशी त्याने फक्त ऐकायचे आहे.