जुने देव, अद्भुत कादंबऱ्या आणि आपली यादी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाचनालयासाठी हव्या असलेल्या पुस्तकांची यादी करण्याचे काम यंदा माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण वाचनाची आवड आहे, आणि जे इंग्रजीत आहे ते माझी कॉलेजात जाणारी मुलगी दुपारच्या वेळी मला मराठीतून सांगते. तरुण मुलींनी दोन विषय आग्रहाने मागितले आहेत. एक, ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीचे युरोपातले देवधर्म, ज्यांना तिकडे ‘पेगन’ म्हणतात. आणि दुसरा, जादूच्या अद्भुत कादंबऱ्या. त्यावर काही वडीलधाऱ्या भगिनींनी विचारले, “चेटकाची पुस्तके आपल्या कपाटात कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या अल्पमतीप्रमाणे देते.

‘पेगन’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ खेड्यातला माणूस. म्हणजे हे खेडवळांचे देव. आइसलंडात इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म आला. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १२२० च्या आसपास, स्नोरी स्टुरलुसन नावाच्या विद्वानाने ‘एड्डा’ लिहून त्या जुन्या देवांच्या कथा नीट मांडून ठेवल्या. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता. पण कथाच विसरल्या तर पुढच्या कवींना जुनी कविता कळणार कशी, ही त्याला काळजी. कथा जपली म्हणून त्याचा धर्म बुडाला नाही. आपलाही बुडणार नाही.

त्या ‘एड्डा’त बुटक्यांच्या नावांची एक यादी आहे. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकांनी १९३७ साली ‘द हॉबिट’ लिहिले, तेव्हा आपल्या बुटक्यांची बहुतेक नावे त्यांनी तेथूनच उचलली. मुली ज्या गोष्टीवर लुब्ध आहेत, तिचे मूळ असे सातशे वर्षे मागे आहे. म्हणून यादीत ही दोन पुस्तके शेजारी-शेजारी लिहिली.

तसेच फिनलंडचे ‘कालेवाला’. एलियास लोनरोट हे पेशाने डॉक्टर. गावोगाव पायपीट करून त्यांनी लोकांच्या तोंडची गाणी जमविली आणि १८३५ साली ग्रंथ काढला. १८४९ साली तो आणखी वाढविला. त्याच भागातली लारिन पारास्के ही गरीब शेतकरी बाई पुढे हजारो ओळी तोंडपाठ म्हणून दाखवी आणि त्या उतरून घेतल्या गेल्या. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा, म्हणजे ती आपल्याला परकी वाटणार नाही.

आता चेटकाविषयी. इंग्लंडातला चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला. १९५४ साली जेराल्ड गार्डनर यांनी ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक काढले. हा पंथ प्राचीन काळापासून गुप्तपणे चालत आला आहे, असे त्यांचे म्हणणे. इतिहासाचे प्राध्यापक रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये दाखवून दिले, की तो विसाव्या शतकातच आकाराला आला. हटन पंथाची टवाळी करीत नाहीत; त्याचे खरे वय तेवढे सांगतात. युरोपात चेटकीण म्हणून नव्वद लाख बायका मारल्या, असेही काही पुस्तकांतून वाचायला मिळते. अभ्यासकांचा सुमार ४० ते ५० हजार माणसांचा आहे, आणि त्यांत बायका अधिक. तेवढ्यानेही अंगावर काटा येतो. आकडा फुगविण्याची गरज नाही. आपल्याकडेही कोणा बाईवर करणीचा आळ घेऊन तिला छळतात. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली कायदा करावा लागला. ‘चेटूक’ या शब्दाची भीती पुस्तक दूर ठेवून जाणार नाही, वाचून जाईल.

म्हणून माझा नियम असा: एक पुस्तक मोहिनी घालणारे, तर त्याच्या जोडीला एक खरेखोटे निवडून देणारे. आपण तांदूळ घेतो तेव्हा सूपही जवळ ठेवतोच ना?

त्याशिवाय उर्सुला ल ग्विन या बाईंचे १९६८ चे ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घेतले आहे. गर्वाने जादू करायला गेलेला मुलगा एक काळी सावली मोकळी सोडतो, आणि शेवटी तिला तोंड त्यालाच द्यावे लागते. ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या आईने मुलाला सांगावी अशी आहे. आणि परक्या देवींबद्दल वाचताना घरच्या विसरू नयेत, म्हणून डॉ. रा. चिं. ढेरे यांचे ‘लज्जागौरी’ मराठीतून आहेच.

खर्चाचे म्हणाल, तर ‘एड्डा’ व ‘कालेवाला’ यांची जुनी इंग्रजी भाषांतरे आता मोबाइलवर फुकट मिळतात. पैसे नव्या पुस्तकांसाठी राखावेत. मुलींनी दर शनिवारी एकेक प्रकरण आपल्याला मराठीतून सांगावे, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या आम्ही मागे राहणार नाही.

कपाटावर वही बांधून ठेवली आहे. तीत चार रकाने आहेत: पुस्तक, लेखक, साल, आणि ‘का हवे’. शेवटचा रकाना कोणी रिकामा सोडू नये. ज्यांचा विरोध आहे त्यांनीही आपले कारण तेथेच लिहावे. पुढच्या सभेत दोन्ही बाजू वाचून मगच पुस्तके मागवू.