किल्ली कुणाच्या हाती?

(शिक्षिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



‘हल्लीच्या बाईंना शिकवण्याची तळमळच नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. माझ्याबद्दलही ते बोललं गेलं आणि त्या वेळी ते खरं होतं. पण तळमळ गेली कशाने, हे कुणी विचारलं नाही.

माझ्या पहिल्या शाळेत आम्हा बायकांसाठी एकच संडास होता. त्याला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. दर वेळी जाऊन मागायची. मी शाळेत पाणी पिणंच सोडलं. पाहुणे आले की रांगोळी, औक्षण, चहा आमच्याकडे; वर्गवाटप मात्र सर लोक परस्पर ठरवत. मी सातवीचं गणित मागितलं, तर उत्तर आलं, ‘घरी लहान मूल आहे, झेपेल का?’ बाळंतपणाची हक्काची रजासुद्धा उपकारासारखी मिळाली. तिसऱ्या वर्षी मी घड्याळाकडे बघत शिकवू लागले. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

मग त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. पगार तोच, वर्गात मुलंही तेवढीच. पण किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बसून, कुणाच्या वर्गात काय अडलं ते आम्ही बोलायचो. चहा आणि इतिवृत्त, दोन्ही आळीपाळीने. मला गणित मिळालं. भागाकार कसा समजावावा म्हणून मी रात्री घरी चिंचोके मांडून बसू लागले. बाई तीच होती!

३ जानेवारीला सावित्रीबाईंचं नाव घेऊन आपल्याला सोसण्याचा उपदेश केला जातो. १८४८ साली त्यांनी शाळा सुरू केली तेव्हा जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे होते, हे मात्र विसरलं जातं.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शाळेत अंतर्गत समिती हवीच. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावायला हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही.

उद्या शाळेत गेलात की एवढं बघा: किल्ली कुठे आहे? बैठकीत कोण बोलतं? समितीचा आदेश भिंतीवर आहे का? नसेल तर एकटीने नको, चौघीजणी मिळून लेखी मागा. तळमळीचं त्यानंतर बोलू.