बाळाचा खेळ, ताईची शाळा



लहान मूल खेळते म्हणजे ते केवळ वेळ घालविते, हा समज समाजात फार जुना आहे. वस्तुतः खेळ हेच त्या वयाचे शिक्षण होय. मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद केले आहे. तेव्हा या सहा वर्षांत आई कामावर असताना मूल कोणाच्या हाती असते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शहरात ते आयाजवळ किंवा पाळणाघरात असते, खेड्यात आजीजवळ वा अंगणवाडीत असते. आणि ऊसतोडीच्या तळावर बहुधा आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. या साऱ्याजणी बालशिक्षिकाच आहेत. त्यांतील शेवटची मात्र स्वतःच शाळेच्या वयाची आहे.

बोर्डी-कोसबाडचा धडा

हा पेच महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना त्यातूनच रुजली. पाठच्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुले शाळेला मुकतात, हेही या दोघींनी ओळखले. १९५७ पासून त्यांचे काम कोसबाडला चालू लागले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असावीत, ही ‘विकासवाडी’ची योजना याच अनुभवातून आकारास आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द गावोगाव पोहोचला.

बारामती-इंदापूरचे चित्र

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस पिकतो. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू झाला, की बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून तोडणी कामगारांची कुटुंबे येतात आणि तळावर कोप्या उभ्या राहतात. उजाडण्यापूर्वीच आई-वडील कोयता घेऊन फडात जातात. मागे उरते तान्हे मूल आणि त्याला राखणारी ताई. तान्ह्याची सोय जवळच्या अंगणवाडीत किंवा तळावरील पाळणाघरात झाली, तरच ताईच्या हाती पाटी येऊ शकते. बाळाच्या खेळाचे मोल म्हणूनच दुहेरी आहे.

खेळाचे साहित्य दाराशीच

यासाठी महागड्या खेळण्यांची गरज नाही. तीन वर्षांखालील बाळाला माणसाचा चेहरा आणि आवाज हेच पहिले खेळणे. पदराआड तोंड लपवून ‘बुवा कुक’ करावे, अंगाई वा बडबडगीत म्हणावे, न्हाऊ घालताना हात, पाय, नाक यांची नावे घ्यावीत. मूल ‘ब’ म्हणाले तर ‘होय, बैल! पांढरा बैल!’ असे उत्तर द्यावे. अशा बोलण्या-ऐकण्यातूनच भाषा उगवते. काही तोडणी कुटुंबांची घरची बोली बंजारा असते. तिला हसू नये; त्या मुलाचे दोन शब्द सेविकेने शिकावे, दोन आपले शिकवावे.

तीन वर्षांपुढील मुलांसाठी परिसरच खेळघर आहे. उसाच्या सोललेल्या कांड्या लहानापासून मोठीपर्यंत मांडताना मापाची जाण येते. पाने आकारावरून, खडे रंगावरून वेगळे करताना वर्गीकरण घडते. दोन तांब्यांतून पाणी ओतताना कमी-जास्त कळते. ओल्या मातीचे बैल घडविताना बोटांत बळ येते आणि तेच बळ पुढे पेन्सिल धरते. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी मोठ्यांनी करून द्यावी आणि तिच्यात कोणता माल भरला, ती कोठे निघाली, हे मुलांनी सांगावे.

संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरीस जाते. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडीचे गोल रिंगण येथील मुलांच्या ओळखीचे. अंगणात चुन्याचे वर्तुळ आखून तसेच रिंगण धरावे. टाळी वाजली की धावणे आणि टाळी थांबली की थबकणे, यातून शरीराचा तोल व मनाचा संयम दोन्ही साधतात. हिवाळ्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात. त्यांच्यासारखे एका पायावर उभे राहून पाच अंक म्हणण्यात मुलांना मोठी मौज वाटते.

खेळ दहा-पंधरा मिनिटांचा पुरे. मूल कंटाळले की खेळ बदलावा. चुकले तर रागावू नये, जिंकले-हरले याचा गवगवा करू नये. ‘हे काय?’ यापेक्षा ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न अधिक उपयोगी.

सावधगिरी

चिंचोके, मणी, शेंगदाणे अशा बारीक वस्तू लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. त्या घशात अडकतात. उसाच्या पात्याची धार हात कापते, म्हणून पाचट व वाढे खेळापासून दूर असावेत. पाण्याचा खेळ नेहमी नजरेखाली व्हावा आणि संपताच भांडे पालथे करावे. कालवा, विहीर, चूल आणि उसाची वाहने यांच्याजवळ मूल क्षणभरही एकटे नसावे. ही जबाबदारी मोठ्या माणसाची. ती आठ वर्षांच्या मुलीवर टाकणे अन्यायाचे होय.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासनाने करावी, अशी अपेक्षाही त्यात व्यक्त झाली आहे. हे दोन्ही हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत. हंगामात गावच्या शिवारात नवा तळ पडला, की सेविका व मदतनीस यांनी कोप्यांपर्यंत जाऊन मुलांची नोंद घ्यावी. ग्रामपंचायत, शाळा आणि कारखाना यांनी त्यांना साथ द्यावी. अंगणवाडीत तान्हे हसतखेळत रमले, की त्याच दिवशी त्याच्या ताईला शाळेची वाट मोकळी होते.