इर्शाळवाडीनंतरचे आपले काम

(खालापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



१९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकर बांधवांची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले. ५७ जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. केवळ शासनाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपणही तिकडे गड चढायलाच जात होतो!

अरबी समुद्र तापतो आहे, आणि पूर्वी महिनाभर पडणारा पाऊस आता चार दिवसांत कोसळतो. यावर उपाय कोण करणार? धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याचे उदाहरण पाहा. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते चैत्राम पवार यांनी नव्वदच्या दशकात गावाला एकत्र बसविले. कुऱ्हाडबंदी, दंड आणि पहारा हे सारे नियम गावाने स्वतःच केले. सुमारे ४०० हेक्टर वन पुन्हा उभे राहिले, विहिरींना पाणी आले. २०२५ मध्ये चैत्रामजींना पद्मश्री मिळाली.

मात्र बारीपाड्याची नक्कल येथे चालणार नाही. तेथे पाणी अडवायचे आहे; आपल्या तीव्र उतारांवर मुरलेले पाणीच घात करू शकते. येथे झाडोरा राखावा, पाण्याला वाट द्यावी. जमिनीला पडलेली भेग, कललेले झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा हे प्रथम वाडीतल्या जाणत्यालाच दिसते. त्याचे ऐकून त्याच रात्री वाडी खाली आणायची, तर उतरायला जागा हवी. ती प्रत्येक वाडीसाठी पावसाळ्यापूर्वी ठरली पाहिजे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावेही आपणच बसून भरून द्यायचे आहेत.